पांढरा रस्सा आणि लाल गल्ली

आमची गल्ली चौथ्यांदा लाल झाली त्या सकाळी आईने भरलेली बॅग उघडली, कपडे कपाटात होते त्याच घडीवर परत ठेवले आणि रिकाम्या बॅगेत कांदे भरून ती खानावळीत पाठवून दिली.

म्हणजे विषय संपला. आमच्या घरात एखाद्या वस्तूत कांदे गेले की तिचं पूर्वायुष्य संपतं. माझ्या शाळेच्या दप्तराचंही तेच झालं होतं.

‘आई, मार्चमधली तारीख मिळतीय अजून,’ मी म्हणाले.

‘आता बास,’ आई म्हणाली. ‘परत केरळचं नाव काढू नको. मलाच लाज वाटाय लागलीय त्या बोटवाल्याची. तो म्हणत असंल, ही बाई नुसती तारखा विचारती.’

हे मला जास्त लागलं, कारण लोकांच्या सहली ठरवणं हा माझा धंदा आहे. मी राजनंदिनी रणजित साळोखे, वय सव्वीस, कोल्हापुरातल्या एका टूर कंपनीत ‘अनिश्चितता अधिकारी’. पद खरं आहे, कार्डावर छापलेलं आहे. पूर्वी टूर कंपन्या ठिकाणं विकायच्या. आता आम्ही शक्यता विकतो. आमच्या प्रत्येक तिकिटावर तीन तारखा असतात आणि खाली बारीक अक्षरात ‘जमल्यास’ असं लिहिलेलं असतं. ऐनवेळी जमलं नाही तर ‘घरपोच सहल’ मिळते: आमचा टूर मॅनेजर पहाटे सहाला फोन करून तुम्हाला उठवतो, सातला नाश्त्याला बोलावतो, आठला ‘सगळे आले का, जोशी काकू राहिल्या’ असं ओरडतो आणि दुपारी लाडू-चिवड्याचं पाकीट दारात आणून देतो. ही सेवा आम्ही थट्टा म्हणून सुरू केली होती. आता तिला दोन महिने आधी नाव नोंदवावं लागतं.

याचं कारण ‘जलवेध’.

तिसरी साथ येऊन गेल्यावर सरकारने ठरवलं, की माणसं खोकायला लागेपर्यंत थांबायचं नाही. रोग अंगात शिरला की ताप यायच्या तीन-चार दिवस आधीच त्याचे तुकडे पोटातून बाहेर पडू लागतात, आणि संडासातून थेट गटारात जातात. म्हणून प्रत्येक गल्लीच्या गटाराच्या तोंडाशी बिस्किटाच्या डब्याएवढी एक पेटी बसवली. ती रोज पहाटे पाणी चाखते (हा शब्द माझा, सरकारचा ‘परीक्षण करते’ असा आहे) आणि आकडा कळवते. आकडा मर्यादेच्या वर गेला की गल्ली लाल. लाल गल्लीत गेले सात दिवस जो झोपला, त्याचा प्रवास-पास सात दिवस गोठतो. घरात कोंडत नाहीत, दुकानं बंद होत नाहीत. फक्त जिल्ह्याबाहेर पाऊल टाकता येत नाही. गाडीचा दरवाजाच उघडत नाही.

आता यात एक गोम आहे. नुसते रोगाचे तुकडे मोजून भागत नाही. कुणी चार बादल्या जास्त ओतल्या, कुणी जीप धुतली, की पाणी पातळ होतं आणि तुकडे कमी दिसतात. म्हणून त्या पाण्यात माणसांचा वाटा किती, हेही मोजावं लागतं. त्यासाठी शास्त्रज्ञांनी मिरचीवरचा एक विषाणू निवडला. तो मिरचीच्या झाडाला त्रास देतो, माणसाला काही करत नाही. तिखटातून, मसाल्यातून, सॉसमधून पोटात जातो आणि धडधाकट बाहेर पडतो. बहुतेक सगळी माणसं कुठल्या ना कुठल्या रूपात मिरची खातात, त्यामुळे हा विषाणू म्हणजे गल्लीची हजेरी. मग साधा भागाकार करायचा. वर रोग, खाली मिरची.

मला हे विज्ञान फार आवडतं. मी ते भेटेल त्याला सांगते. तीच चूक झाली.

*

साळोखे खानावळ आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. गल्लीत अकराशे माणसं. त्यातल्या एकशे ऐंशी नर्सिंगच्या वसतिगृहातल्या मुली, बरेचसे मुलं परदेशी असलेले म्हातारे, आणि उरलेले ज्यांना घरी स्वयंपाक करायचा कंटाळा येतो ते. गल्लीतली निम्म्याहून जास्त तोंडं आबांच्या हातचं खातात. आबा म्हणजे माझे वडील. ते आत चुलीपाशी, आई बाहेर गल्ल्यावर, आणि मधल्या भिंतीत फूटभर बाय दीड फूट खिडकी. त्या खिडकीतून ताटं बाहेर येतात आणि आईचा आवाज आत जातो. बत्तीस वर्षं.

या बत्तीस वर्षांत खानावळ एकही दिवस बंद नव्हती. मामाच्या लग्नाला आई गेली, आबा थांबले. आत्याच्या मुलाच्या बारशाला आबा गेले, आई थांबली. लग्न झाल्यावर दोघं जोडीने जोतिबाला जाऊन आले, तो त्यांचा एकूण एकत्र प्रवास. अठरा किलोमीटर. येताना आबांनी उतरून बाजार केला.

गेल्या वर्षी आईच्या पन्नाशीला मी विचारलं, तुला काय हवंय. आई म्हणाली, ‘सात दिवस मला कुणीतरी बसल्या जागी ताट आणून द्यावं. आणि ताटात काय आहे ते मला आधी ठाऊक नसावं.’

मी केरळ ठरवलं. पाच दिवस डोंगर-समुद्र, शेवटचे दोन दिवस अलप्पीला हाऊसबोट. खानावळ आठवडाभर माझी मावशी बघणार होती. ऑगस्टची तारीख घेतली, निघायच्या दोन दिवस आधी गल्ली लाल. ऑक्टोबरची घेतली, लाल. डिसेंबरात तर आमच्याबरोबर स्वप्नीलही अडकला, पलीकडच्या कमलकाकींचा मुलगा. त्याचा नाशिकला साखरपुडा होता. शेवटी तिकडच्या पाटावर फोन ठेवून उरकला. मुलीच्या आत्याने फोनला कुंकू लावलं, ओवाळलं आणि प्रेमाच्या भरात पेढा भरवला. तो फोन अजून दुरुस्तीला आहे.

आणि आता फेब्रुवारी. बॅगेत कांदे.

*

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी जलवेधचे कच्चे आकडे उघडले. टूर कंपन्यांना ते मिळतात. आम्ही ते शेतकरी आभाळ बघतो तसे बघतो. मला एकच कळत नव्हतं. चार वेळा गल्ली लाल झाली, आणि चारही वेळा गल्लीत कुणाला साधी शिंकसुद्धा आली नाही. आजूबाजूच्या गल्ल्या हिरव्यागार. आधी वाटलं, व्वा, पेटी फारच हुशार आहे, रोग यायच्या आधीच पळवून लावते.

मग मी भागाकार सोडून वरचा आणि खालचा आकडा वेगवेगळा काढला.

वरची रेघ, रोगाची, वर्षभर सरळ. मागच्या साथीचा जो थोडा अंश सगळ्याच गटारांत असतो, तेवढाच. खालची रेघ, मिरचीची, मात्र चार ठिकाणी खड्ड्यात गेली होती. निम्म्याच्या खाली. प्रत्येक खड्डा आमच्या निघायच्या तारखेआधी बरोबर पाच दिवस सुरू होत होता, आणि गल्ली लाल झाली की दुसऱ्या दिवशी भरून येत होता.

अकराशे माणसांनी एकाच दिवशी मिरची सोडली, असं कोल्हापुरात एकच माणूस घडवून आणू शकतो.

खानावळीच्या ग्रुपवर रोजचा मेनू येतो. मी मागे गेले. ऑगस्ट: ‘आज खास पांढरा रस्सा.’ दुसऱ्या दिवशी: ‘आजही पांढरा रस्सा.’ तिसऱ्या दिवशी: ‘लोकाग्रहास्तव पांढरा रस्सा.’ चौथ्या दिवशी: ‘पांढरा रस्सा सप्ताह.’ शाकाहाऱ्यांना मिऱ्याची आमटी, मिऱ्याचा भात, मिरे घातलेली बटाट्याची भाजी. ऑक्टोबर, डिसेंबर, फेब्रुवारी, तेच. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध असतं, खसखस असते, आणि झणझणीतपणा येतो तो मिऱ्यांचा. मिरे हे वेलीचं फळ. मिरचीशी त्याचं नातं नाही, ओळखदेखील नाही. जिभेला तिखट लागतं. गटाराला लागत नाही.

आणि मला आठवलं. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी आबा कांदा चिरत होते आणि मी त्यांना जलवेध समजावून सांगत होते. आबांनी विचारलं होतं, ‘म्हंजे मिरची कमी खाल्ली तर?’

‘तर भागाकार वाढेल, गल्ली उगाच लाल होईल. पण कोल्हापुरात मिरची कमी कोण खाणार?’

आम्ही दोघंही हसलो होतो. मी जरा जास्त वेळ हसले होते.

*

जेवणाची गर्दी व्हायच्या आधी, सकाळी अकराला मी मागच्या दाराने आत गेले. आई मंडईत गेली होती. आबा कटाच्या आमटीला फोडणी देत होते.

‘आबा, मागच्या आठवड्यात तांबडा रस्सा का नव्हता?’

‘लोकं पांढरा मागत होती.’

‘कोण लोकं?’

‘लोकं म्हंजे…’ आबांनी झारा हलवला. ‘लोकं.’

मी फोनवरच्या रेघा त्यांच्यासमोर धरल्या. त्यांनी हात पुसला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि आजोबांची पत्रिका बघावी तसं बघितलं.

‘ह्ये खाली गेलंय ते काय?’

‘मिरची.’

‘आणि वरचं सरळ?’

‘तो रोग. म्हणजे कुणी आजारी नव्हतंच.’

‘मग चांगलंच हाय की.’

‘आबा.’

त्यांनी गॅस बंद केला. फोडणी चालू असताना आबांनी गॅस बंद केल्याचं मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. फोडणीलाही ते नवीन असावं, ती एकदम गप्प झाली.

‘ती बोट,’ आबा म्हणाले.

‘काय झालं बोटीला?’

‘दोन दिवस, नंदू. चारी बाजूनं पाणी. मी, तुझी आई आणि एक मल्याळी माणूस. त्याला मराठी येत न्हाई. उतरायची सोय न्हाई. सैपाकघरात पाव्हण्यांना मज्जाव, तूच वाचून दाखवलंस.’

‘मग आराम करायचा. बोलत बसायचं.’

‘काय बोलायचं?’

मी फोन खिशात घातला.

‘बत्तीस वर्षं आमी खिडकीतनं बोललोय,’ आबा म्हणाले. ‘ती म्हणती, दोन ताट, एक बिनकांद्याचं. मी म्हणतो, झालं. संध्याकाळी घरी जाऊन उद्याच्या बाजाराचं बोलतो आणि झोपतो. मला दुसरं काय बोलता येतंय? आता बोटीवर ती माझ्याकडं बघत बसणार. एक दिवस बघंल. दुसऱ्या दिवशी तिला कळंल.’

‘काय कळेल?’

‘की खिडकीच्या आत एवढाच माणूस हाय.’

माझ्याकडे यावर तीन विनोद तयार होते. तिन्ही मी मागे ठेवले.

‘पहिल्यांदा वाटलं एकदाच करावं,’ ते म्हणाले. ‘मग तू परत तारीख काढलीस. मग परत काढलीस. तू बी कसली चिकट.’

‘तिने बॅगेत कांदे भरले, आबा.’

‘तेच कांदे चिरले मी काल,’ आबा म्हणाले. ‘लई वाईट वाटलं.’

‘आणि स्वप्नीलचा साखरपुडा?’

ते त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. आपल्याबरोबर आणखी अकराशे जणांना कोंडलंय, हे त्यांच्या हिशोबात कुठं बसलंच नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला.

‘आईला तुम्ही सांगायचं,’ मी म्हणाले. ‘आज. मी नाही सांगणार.’

*

आबांनी सांगितलं. पण कसं सांगावं, यावर त्यांनी विचार केला नसावा, किंवा फार केला असावा. त्यांनी ते दुपारी सव्वाला सांगितलं, पूर्ण गर्दीत, त्यांना जिथून बोलता येतं तिथूनच.

‘चार ताट, एकात भात न्हाई,’ आई खिडकीत म्हणाली.

‘झालं,’ आतून आवाज आला. चार ताटं बाहेर आली. मग आवाज पुन्हा आला, ‘शैला, ती गल्ली चारी वेळा मीच लाल केली. मिरची काढून. मला बोटीचं भ्या वाटत होतं. बोलायला काय सुचंल न सुचंल म्हणून.’

बाकावरची माणसं जेवायची थांबली. आईने खिडकीकडे पाहिलं. खिडकीत आबांचे फक्त हात दिसतात.

‘दोन ताट,’ आई म्हणाली. ‘एक बिनकांद्याचं.’

‘झालं,’ आबा म्हणाले.

तीन वाजेपर्यंत दोघं तेवढंच बोलले. शेवटचं गिऱ्हाईक उठल्यावर आईने मेनूचा फळा ओल्या फडक्याने पुसला, आत नेला आणि आबांच्या हातात खडू दिला. ‘लिहा.’

संध्याकाळी फळा बाहेर लागला:

‘मागील चार वेळा गल्ली लाल झाली ती रोगामुळे नव्हे, माझ्यामुळे. मिरची काढून घेतली होती. सर्वांची क्षमा मागतो. रणजित साळोखे. आजचा मेनू: तांबडा रस्सा, वांगं, भाकरी.’

गल्लीने तो तीनदा वाचला. कमलकाकी कमरेवर हात ठेवून आल्या. ‘रणजितभावजी, माझ्या लेकानं फोनवर साखरपुडा केला.’

‘चुकलं, वहिनी.’

‘चुकलं काय चुकलं. आमचा डबा बंद.’

त्यांच्या वकील भाच्याने कायदा उघडून बघितला. भाजीत मिरची न घालणे हा गुन्हा ठरत नाही, असं त्याने कळवलं. कोल्हापुरात ठरायला हवा, असंही म्हणाला. मी जलवेधला सविस्तर पत्र लिहिलं, की तुमच्या भागाकारात खाली मिरची आहे आणि ती माझ्या वडलांच्या हातात आहे. चौथ्या दिवशी उत्तर आलं: आपली तक्रार ‘दुर्गंधी’ या सदरात नोंदवली आहे.

नवव्या दिवशी कमलकाकी परत आल्या. ‘डबा चालू करा. स्वप्नील म्हणतोय, मिरचीचं कायबी असू दे, पण तुझ्या हातचं नको.’

आईने मात्र आबांना एक अक्षर बोलून दाखवलं नाही. भांडली असती तर बरं, असं आबा मला दोनदा म्हणाले. मग एका सकाळी ती गल्ल्यावरूनच मला म्हणाली, ‘नंदू, मार्चचं तिकीट काढ. एक.’

‘एकच?’

‘सात दिवस मला ताट आयतं पाहिजे, असं म्हटलं होतं. त्यात तुझ्या वडलांचं नाव कुठं होतं?’

आत कांदा चिरायचा आवाज थांबला, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. रडायला ती जागा तशी सोयीची आहे.

*

मार्चमध्ये आई मिरजेहून गाडीत बसली. आबांनी बांधून दिलेला डबा तिने घेतला, नाकाशी नेला आणि म्हणाली, ‘मेथी. धपाटे. शेंगदाण्याची चटणी.’ डबा आबांना परत दिला. ‘मला ठाऊक नसलेलं पाहिजे.’

गाडी गेल्यावर आबा तो डबा हातात धरून फलाटावर उभे राहिले. मी म्हणाले, जेवून घेऊया का इथंच. ते म्हणाले, भूक नाही. खानावळ चालवणारा माणूस हे वाक्य फार जड जीवाने म्हणतो.

मावशीऐवजी आता गल्ल्यावर मी. पहिल्या दिवशी मी खिडकीत म्हणाले, ‘तीन ताट.’ आतून ‘झालं, शैला’ आलं. दुसऱ्या दिवशी पाच वेळा आलं. तिसऱ्या दिवशी दुपारी खिडकीतून हाताऐवजी आबांचा चेहरा आला. मला दचकायला झालं. त्या खिडकीत चेहरा मावतो हे मला माहीत नव्हतं.

‘त्या बोटीवर आणखी एक माणूस मावतो का?’

‘मावतो. ती परवा दुपारी बोटीवर चढणार. तुम्ही आज संध्याकाळच्या गाडीत बसलात तर पोहोचाल.’ मी फोन काढला, तिकीट बघितलं, होतं. गल्लीचा आकडा बघितला आणि खुर्चीत नीट बसले.

‘काय?’

‘मिरची बरोबर आहे. पण वरची रेघ चढतीय. खरीखुरी. वसतिगृहात चार मुलींना सकाळी ताप आलाय म्हणे.’ आकडा मर्यादेच्या काठावर होता. साथीचे दिवस म्हणून सरकारने आज संध्याकाळी पाचला पाण्याचं दुसरं परीक्षण लावलं होतं. गाडी सातची. ‘पाचला काय येतंय त्यावर आहे.’

हे मी हळू आवाजात सांगितलं, पण समोर वीस माणसं जेवत होती.

अडीच वाजता कमलकाकी आल्या. हातात ठेच्याचा डबा. त्यांच्या मागून स्वप्नील, त्याच्या मागून वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर खराडे, त्यांच्या मागून गल्लीतली निम्मी माणसं. कुणाकडे ठेचा, कुणाकडे लाल चटणी, एकाकडे बाजारातलं सॉस.

‘हिशोब केलाय,’ स्वप्नील म्हणाला. ‘माणशी दोन चमचे ठेचा आत्ता खाल्ला, तर पाचपर्यंत खालचा आकडा वाढतोय.’

‘दोन-अडीच तासांत?’ मी विचारलं.

‘ह्यो ठेचा तुला माहीत न्हाई,’ खराडे गंभीरपणे म्हणाले. ‘माझ्या हिचा हाय.’

‘भावजी, तुमी बॅग भरा,’ कमलकाकी म्हणाल्या. ‘शैलाला एकटीला किती दिवस सोडायचं. आमी खातो. पोरांनो, बसा रे पंगतीला.’

आणि माणसं खरंच बसली. ज्यांना या माणसाने चार वेळा कोंडून ठेवलं होतं, ती माणसं त्याला बाहेर सोडायला कोरडी भाकरी आणि हिरवा ठेचा घेऊन ओळीने बसली. आबा दारात उभे राहून त्या ओळीकडे बघत होते. त्यांना जायचं होतं. इतकं, की त्यांनी पायातली स्लिपर काढून चपला घातल्या होत्या.

तेवढ्यात वसतिगृहातून फोन आला. रेक्टर बाई. आता अकरा मुलींना ताप, बाकीच्यांचीही तोंडं कडू. तिखट कुणाच्याच घशाखाली उतरत नाही. काही मऊसूत मिळेल का, सगळ्यांनाच, आज आणि उद्या.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. ‘मऊ भात दिला तर काय हुईल?’

‘एकशे ऐंशी जणींची मिरची बंद. ठेच्याने जेवढं वाढेल त्याच्या दुप्पट खाली येईल. गल्ली नक्की लाल.’

‘त्यांचं न ऐकता मी रस्साच पाठवला तर?’

‘कदाचित हिरवी राहील. तुमची गाडी मिळेल. बाकीच्यांच्याही गाड्या मिळतील, आणि ताप मुंबई-पुण्याला जाईल.’

आबा पंगतीकडे वळले.

‘उठा,’ ते म्हणाले. ‘मागल्या चार वेळेला कोण आजारी नव्हतं, तरी मी लाल दाखवली. आता पोरी आजारी हायत आणि मी हिरवी दाखवायची? लाल हाय तर लाल दिसू दे.’

‘अहो पण तुमची बोट,’ कमलकाकी म्हणाल्या.

‘वहिनी, हात धुवा आणि मुगाची डाळ निवडा.’

त्यांनी चपला काढल्या. मऊ भात, मुगाचं वरण, वर तुपाची धार आणि लिंबाची फोड. मी आणि स्वप्नीलने हंडे वसतिगृहाच्या फाटकात नेऊन ठेवले. परत आले तेव्हा आबा हंडा घासत होते, आणि पाचचा आकडा आला होता. गल्ली लाल. यावेळी कुणीच कुरकुर केली नाही. ठेचा खाल्लेले चौघं पाणी पीत होते.

*

त्यानंतर तिसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला आईचा फोन आला. ती बोटीवर होती. मी फोन आबांना दिला, त्यांना गल्ल्यावरच्या खुर्चीत बसवलं आणि आत चुलीपाशी गेले. त्यांना फोन कानाला लावायची सवय नाही. ते तो समोर ठेवून, आवाज मोठा करून बोलतात. त्यामुळे मला ऐकू येत होतं, आणि बाकावरच्या चाळीस माणसांनाही.

‘नंदू म्हणाली, तुमी निघाला होता.’

‘हं.’

‘मग पोरींसाठी थांबला.’

‘हं. आता बऱ्या हायत. आज पोहे मागितले.’

‘आत्ताच जेवले मी,’ आई म्हणाली. ‘ताटात काय काय होतं सांगू?’

‘नको,’ आबा म्हणाले. ‘दुसरं सांग.’

फोनमधून खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

मग आई सांगू लागली. एक माणूस होडीत उभा राहून पाचशे बदकं हाकत नेतो, आणि बदकं म्हशींपेक्षा शहाण्यासारखी जातात. शाळेची मुलं होडीतून येतात, आणि त्यांच्यातही मागच्या बाकावर बसणारी असतात. पाण्याच्या काठाला एक म्हातारी एकच लुगडं पुन्हा पुन्हा धुते, बहुतेक तिला बोटी बघायच्या असतात. बोटवाल्याचं नाव सजी. त्याला मराठी येत नाही, तरी आईने त्याला माझ्या लग्नाचं विचारून ठेवलंय. सकाळी पाणी इतकं गप्प असतं, की आपण श्वास घेतलेला ऐकू येतो.

हे पाऊण तास चाललं. पाऊण तासात आबा तेवीस वेळा ‘हं’ म्हणाले. माझा भात खाली लागला. वास बाहेर गेला, बाकावरच्या सगळ्यांनी नाकं वळवली. आबा उठले नाहीत.

‘ऐकताय नव्हं?’ आईने विचारलं. ‘का फोन ठेवून आत गेलाय?’

‘हितंच हाय. तुझ्या खुर्चीत.’

‘बोलत का न्हाई मग?’

‘तू बोल की. मला ऐकायचंय.’ मी झारा हातात धरून खिडकीशी वाकले. त्यांचा मला पाठमोरा शर्ट दिसत होता, आणि शर्टावर पाठीच्या मधोमध घामाची पट्टी. ‘शैला.’

‘काय?’

‘तुला करमतंय का तिथं?’

खानावळीत कुणी घास तोडला नाही.

‘थोडं थोडं,’ आई म्हणाली. ‘तुमाला?’

आबांनी समोर बघितलं. चाळीस माणसं त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी फोन थोडा जवळ ओढला.

‘न्हाई,’ ते हळूच म्हणाले.

‘भावजी,’ मागच्या बाकावरून कमलकाकी म्हणाल्या, ‘जरा मोठ्यानं सांगा. तिला ऐकू गेलं नसंल.’

आबांनी मोठ्याने सांगितलं.